कार्बनाची बंधनक्षमता

कार्बन (अणुक्रमांक ६) या मूलद्रव्याची इतर अणूंशी, आणि विशेषतः स्वतःच्याच अणूंशी, टिकाऊ सहसंयुजी बंध (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होणारे बंध) जोडण्याची शक्ती. शर्करा, मेद, प्रथिने व न्यूक्लिइक आम्ले या सर्वांचा सांगाडा कार्बनाचा असतो. मानवी शरीराच्या वजनात कार्बन सु. १८ टक्के असतो.

कार्बन चतुःसंयुजी (चार बंध जोडू शकणारा) आहे, एवढे कारण पुरेसे नाही. सिलिकॉनही चतुःसंयुजी आहे आणि भूकवचात वजनाने सु. २८ टक्के आहे. कार्बन तेथे एक टक्क्याच्या दशांशाइतकाही नाही. नाशिकला दोहोंची करणी शेजारीशेजारी दिसते. पांडवलेणी ज्या काळ्या बेसाल्टात कोरली आहेत, तो मुख्यतः सिलिकॉन व ऑक्सिजन यांनी बांधलेला आहे. याच खडकाच्या मातीत निफाड-दिंडोरीचे द्राक्षवेल उभे असतात. त्यांचे अंग मात्र कार्बनाचे, आणि तो कार्बन मुख्यतः पानांच्या रंध्रांवाटे हवेतून आलेला.

फरक मालिकाबंधनात, म्हणजे स्वतःच्याच अणूंची साखळी जोडण्यात, आहे. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडण्यास सु. ३४६ किलोजूल प्रतिमोल ऊर्जा लागते, सिलिकॉन-सिलिकॉन बंधास सु. २२२. उलट सिलिकॉन-ऑक्सिजन बंधास सु. ४५० लागते, म्हणून सिलिकॉन ऑक्सिजनाला धरून बसतो व दगड होतो. कार्बनाचा ऑक्सिजनाशी एकेरी बंध (सु. ३५८) स्वतःशी असलेल्या बंधाच्या जवळपासच्याच ताकदीचा असतो, त्यामुळे साखळ्या टिकतात आणि त्यांत बदलही करता येतो. शिवाय अणू लहान असल्याने तो दुहेरी व तिहेरी बंध सहज करतो. कार्बन डाय-ऑक्साइड हा पाण्यात विरघळणारा वायू आहे आणि सिलिकॉन डाय-ऑक्साइड म्हणजे गारगोटी, ही तुलना प्रस्तुत लेखकाला सर्वांत बोलकी वाटते.

द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरले की आम्लता घटते व गोडी भरू लागते. ही गोडी मुख्यतः ग्लुकोज (द्राक्षशर्करा) व फ्रुक्टोज यांची. दोहोंत कार्बनाचे ६, हायड्रोजनाचे १२ व ऑक्सिजनाचे ६ अणू. मांडणी वेगळी, म्हणून चवही वेगळी (समघटकता). ग्लुकोजचेच रेणू एका तऱ्हेने जोडले की भाकरीतला स्टार्च होतो, दुसऱ्या तऱ्हेने जोडले की छाटणीत पडणाऱ्या काड्यांतले सेल्युलोज, जे माणसाला पचत नाही.

इतिहास : चतुःसंयुजेच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले व स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड स्कॉट कूपर यांनी १८५८ मध्ये स्वतंत्रपणे ती मांडली. कूपर यांचा निबंध पॅरिसच्या अकादमीपुढे येण्यास विलंब झाला आणि केकुले यांचे नाव रूढ झाले. बंध रेषांनी दाखवण्याची कल्पना कूपर यांच्या निबंधात स्पष्ट असल्याने त्यांचा वाटा मोठा मानणे अधिक न्याय्य वाटते.

बंधांच्या दिशेचा उलगडा द्राक्षांतून झाला. फ्रान्सच्या आल्सेस प्रांतातील एका टार्टारिक आम्लाच्या (द्राक्षांतील एका आम्लाच्या) कारखान्यात, बहुधा १८२० च्या सुमारास, त्याच घटकांचे पण निराळे आम्ल मिळाले. द्राक्षघडाच्या लॅटिन नावावरून त्यास रेसिमिक म्हणतात. १८४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चर यांनी त्याच्या लवणाचे स्फटिक चिमट्याने निवडले, तेव्हा ते डाव्या-उजव्या हातांसारखे दोन प्रकारचे निघाले. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ व ल बेल या रसायनशास्त्रज्ञांनी याची उपपत्ती दिली : कार्बनाचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांकडे वळलेले असतात (कोन सु. १०९.५ अंश).

द्राक्षांतील टार्टारिक आम्ल यांपैकी एकाच हाताचे असते. सजीवांतील प्रथिनांची अमिनो आम्लेही जवळपास सर्व डाव्या हाताची असतात. त्यामागील कारणाविषयी मतभेद आहेत.