रोजगार केंद्राच्या कामगिरीचे आकडे माहिती अधिकारात मागताना अर्ज कुठे अडतो

‘आपल्या रोजगार केंद्राची कार्यक्षमता किती आहे, याची माहिती मिळावी.’ असा अर्ज टाकला की उत्तर ठरलेलं असतं: ‘सदर माहिती कार्यालयीन अभिलेखात उपलब्ध नाही.’ राग येतो, पण नियमाने ते उत्तर टिकतं. जन माहिती अधिकाऱ्याने जे कागदावर आहे तेच द्यायचं असतं. तुमच्यासाठी नवा हिशेब मांडून किंवा मत बनवून देणं त्याच्यावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केलं. तेव्हा टक्केवारी आपण काढायची आणि कार्यालयाकडून नुसते आकडे घ्यायचे.

अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. केंद्रात तुमची नोंदणी नसली तरी चालते. मंडळाच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर मात्र करू नका; हा हक्क नागरिकाचा आहे, या एका मुद्द्यावर अर्ज परत येतो. ‘कशाला हवंय?’ हा प्रश्न टेबलावर हमखास येतो. कलम 6(2) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही. जोडपत्र ‘अ’चा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि दारिद्र्यरेषेखालील असाल तर शुल्कमाफीसाठी त्याचा दाखला, एवढे कागद पुरतात. राज्याच्या पोर्टलवरून ऑनलाइनही अर्ज करता येतो. हाताने दिलात तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मुंबईत जिल्हे दोन. माहीम-शीवपर्यंत मुंबई शहर, तिथून पुढे वांद्रे, कुर्ल्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत उपनगर. दोन्हीकडची जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रं वेगळी, म्हणून अर्जही दोन. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम 6(3) खाली पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो; अर्ज फेटाळणं हा त्यावरचा मार्ग नव्हे. नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल मात्र केंद्र सरकारचं आहे, त्याचे आकडे दिल्लीकडे मागावे लागतात.

आता खरी अडचण. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत हवा. लोक चार पानं लिहितात, त्यातली तीन तक्रारीची. त्याऐवजी एवढंच लिहा:

‘1 एप्रिल 2022 ते 31 मार्च 2025, वर्षनिहाय: नवीन नोंदणी झालेले उमेदवार, वर्षअखेर चालू नोंदवहीवरील उमेदवार, उद्योजकांनी कळवलेली रिक्त पदे, त्या पदांसाठी पाठवलेले उमेदवार, प्रत्यक्ष रुजू झालेले उमेदवार, रोजगार मेळाव्यांत प्राथमिक निवड झालेले व त्यांपैकी रुजू झालेले, वेगवेगळे, तसेच याबाबत आयुक्तालयाला पाठवलेल्या अहवालांच्या प्रती.’

शेवटची ओळ गाळू नका. अहवाल वर गेलेला असेल तर ‘उपलब्ध नाही’ म्हणणं अवघड जातं. ‘प्राथमिक निवड’ आणि ‘रुजू’ वेगळे मागण्याचं कारण मेळाव्याला गेलेल्या कुणालाही विचारा: टेबलावर बायोडेटा घेतला, दोन प्रश्न विचारले, ‘कळवतो’ म्हणाले, झाली निवड. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत दरमहा 6,000 ते 10,000 रुपये विद्यावेतन मिळतं, पण ते प्रशिक्षण आहे. ती संख्या नेमणुकांत मिसळलेली नाही ना, हे पाहून घ्या.

आकडे आले की घाईने निकाल लावू नका. चालू नोंदवहीवर नोकरी करणारे आणि शिकणारेही असतात, त्यामुळे तिला बेरोजगारांची संख्या समजून भागलं तर केंद्र आहे त्याहून वाईट दिसतं. कळवलेल्या पदांपैकी किती भरली आणि एका नेमणुकीमागे किती उमेदवार पाठवले, हे दोन हिशेब अधिक खरं बोलतात. एक गोष्ट केंद्राच्या बाजूनेही ध्यानात ठेवा. 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त पदं कळवणं सक्तीचं होतं. भरती त्याच यादीतून करणं सक्तीचं नव्हतं. जुन्या वर्षांसाठी किती आस्थापनांनी ईआर-1 हे तिमाही विवरणपत्र भरलं, हे वेगळ्या अर्जात विचारा. मालकांनी पदंच कळवली नसतील तर केंद्र पाठवणार कुणाला?

सगळ्यात जास्त अर्ज मात्र तारखेत बुडतात. उत्तराची मुदत 30 दिवस. मध्येच झेरॉक्सचे पैसे भरा असं पत्र आलं, तर ते निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत. उत्तरच आलं नाही तर लोक पोस्टमनची वाट बघत बसतात. तसं करू नका, बाबांनो: मुदत संपल्या दिवसापासून पहिल्या अपिलाचे 30 दिवस सुरू झालेले असतात. जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यावर 30, फार तर 45 दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाही झाला किंवा पटला नाही, तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जोडपत्र ‘क’. आणि मुदत उलटून माहिती दिली तर कलम 7(6) प्रमाणे ती फुकट द्यावी लागते. तेव्हा पानामागे दोन रुपये मागितले तर भरण्याआधी पत्रावरची तारीख वाचा.