घातपात, चुंबक आणि टोळी : विदर्भातल्या दुर्घटनांमागून येणाऱ्या अफवांची पार्श्वभूमी

1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ, पिंपळखुटा शिवारात, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. 25 प्रवासी गेले. बस डाव्या अंगावर पडल्याने दार खाली दबले होते. जे आठ जण वाचले ते काच फोडून बाहेर निघाले. मृतांची ओळख पटायच्या आधीच मोबाइलवर कारणे फिरू लागली होती. टायर फुटल्याचे चालकाचे म्हणणे होते, पण परिवहन विभागाच्या पाहणीत तशा खुणा सापडल्या नाहीत. गावोगावच्या ग्रुपवर मात्र टायरपेक्षा वेगळ्याच गोष्टीची चर्चा होती. त्या पट्ट्यात जमिनीखाली काहीतरी आहे, चुंबकासारखे, ते लोखंडी गाडी ओढून घेते, असे लोक छातीठोकपणे सांगत होते. थोड्याच दिवसांत अपघाताच्या जागी महामृत्युंजय यंत्राचा विधी झाला आणि इथे यापुढे अपघात होणार नाही असा दावाही करण्यात आला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हरकत घेतली आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

गुन्हा दाखल होणे योग्यच होते. पण चुंबकाची गोष्ट ज्यांनी पुढे पाठवली त्यांना नुसते अडाणी म्हणून मोकळे होता येत नाही. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने या महामार्गावरच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा एक मोठे कारण पुढे आले ते चालकाच्या संमोहनाचे. मैलोन्‌मैल सरळ, एकसुरी रस्ता. ना गाव, ना वळण, ना चहाची टपरी. डोळे उघडे असतात, पण चालक भानावर नसतो. या रस्त्यावर माणसाला काहीतरी ओढते, गुंगवते, हा गाडी चालवणाऱ्यांचा अनुभव खरा होता. त्याला जोडलेले चुंबक खोटे होते. विदर्भातल्या दुर्घटनांनंतर उठलेल्या बहुतेक अफवांमध्ये मला ही जोडी दिसते. तळाशी एक रास्त शंका असते आणि तिच्यावर एक चुकीचे उत्तर बसवलेले असते. उत्तर खोडताना शंकाही झटकून टाकली, तर ऐकणारा पुन्हा आपल्याशी बोलत नाही.

ही रीत मोबाइलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो नागपूर-वऱ्हाडापर्यंत पोचला. लोक गाव सोडून वावरात झोपड्या घालून राहिले. त्या काळी दवाखान्याबद्दल जे बोलले जाई ते आज वाचले तरी अंगावर काटा येतो. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, त्याला उलटे टांगून त्याच्या अंगातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात, व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले म्हणून राणीने काळजे मागवली आहेत, असे बोलले जाई. याच धास्तीतून ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईच्या आर्थर रोडवरील रुग्णालयावर गिरणी कामगार चालून गेले. पण त्या लोकांनी प्रत्यक्षात पाहिले ते काय होते? सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, घरात घुसतात, बायकांच्या अंगाला हात लावून तपासतात, सामान जाळतात, माणूस उचलून नेतात आणि नंतर प्रेतसुद्धा नीट देत नाहीत. सरकारचे पहिले उत्तर सक्तीचे होते, आणि सक्तीने प्रत्येक अफवेला नवा पुरावा मिळत गेला. दंगली झाल्या, पुण्यात जून 1897 मध्ये प्लेगचे काम पाहणाऱ्या रँड या अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा कुठे सक्ती सैल करून स्थानिक माणसांच्या मदतीने काम करण्याकडे सरकार वळले.

मोमियाईची भीती मागे पडली, मुलांच्या चोरीची राहिली. पूल टिकावा म्हणून पायात मूल पुरतात, धरणाला बळी लागतो, असे ऐकत आमच्याकडच्या कित्येक पिढ्या वाढल्या. अशा भीतीला नेहमी एक चेहरा लागतो, आणि तो बहुतेक वेळा दारावर येणाऱ्या भटक्या माणसाचा असतो. मे 2012 मध्ये नागपूरच्या कळमना भागात पोटासाठी वेश घेऊन फिरणाऱ्या तीन बहुरूप्यांना जमावाने लुटारू समजून ठार मारले. तेव्हा गावोगावी व्हॉट्सॲप पोचलेले नव्हते. सहा वर्षांनी, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. राईनपाडा खानदेशात, पण ज्या ध्वनिचित्रफिती तिथे फिरत होत्या त्याच वऱ्हाडातल्या मोबाइलवरही होत्या. त्यातली एक मोटारसायकलवरून मूल उचलण्याची. ती कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती. मूल परत आणून देण्याचा शेवटचा भाग कापून ती पाठवली जात होती. लहान मुलांच्या प्रेतांचा एक फोटो किडन्या काढल्याचा पुरावा म्हणून फिरला; तो सिरियातल्या 2013 च्या रासायनिक हल्ल्याचा होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि 'फॉरवर्डेड' हा शिक्काही दिसू लागला. वेग कमी झाला, पण भटक्यांच्या पालांकडे बघण्याची नजर त्याने बदलणार नव्हती.

आता दुसऱ्या एका गोष्टीकडे, जिच्याबद्दल कमी बोलले जाते. दुर्घटनेनंतरच्या कटकथा खालूनच उठतात असे नाही, त्या वरूनही येतात. सप्टेंबर 2006 मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीला स्थानिक पातळीवर जे पसरवले गेले त्यात मेलेल्या बाईच्या चारित्र्यावरच बोट होते. विदर्भभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा या आंदोलनांमागे नक्षलवादी असल्याचा संशय सरकारमधल्या जबाबदार माणसांनी बोलून दाखवला. लेकरे मारली म्हणून रडणाऱ्या समाजाला सांगितले गेले की तुमचे रडणे कोणीतरी घडवून आणले आहे. पुढे सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. पण त्या दोन वर्षांत जी कुजबूज झाली ती मागे घ्यायला कोणी आले नाही.

कास्तकारांच्या आत्महत्यांचेही असेच. घरातला कर्ता गेल्यावर सरकार एक लाख रुपये देई, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. त्यावरून 'लाखासाठी मेला' हे वाक्य पानठेल्यावर आणि कचेरीत सारख्याच सहजतेने बोलले जाऊ लागले. पात्र-अपात्रतेच्या चौकशीत विधवेला दारूबद्दल, भांडणाबद्दल विचारले जाई. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. ते वाक्य मात्र गेले नाही. अफवा या नावाने त्याची कुठे नोंद होत नाही, पण माझ्या मते विदर्भातली सगळ्यात निर्दयी अफवा तीच आहे.

अविश्वासाचा एक जुना थरही इथल्या मनात बसलेला आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात विधानसभेच्या अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसे मेली, त्यात बाया आणि लेकरेच जास्त. न्यायमूर्ती दाणी यांचा आयोग नेमला गेला. त्याने कोणालाही दोषी धरले नाही. ज्या गावांतून ट्रक भरून माणसे गेली आणि परतलीच नाहीत, त्या गावांना 'चौकशी होईल' या शब्दांचा अर्थ तेव्हाच कळला. पुढच्या प्रत्येक दुर्घटनेला सरकारने हेच दोन शब्द सांगितले.

2017 मध्ये यवतमाळात फवारणीतून झालेल्या विषबाधेचा विचार या सगळ्याच्या पार्श्वभूमीवर करावा लागतो. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, दाट झाली होती, बोंडअळी आणि रसशोषक किडींचा जोर होता. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करणारे कास्तकार आणि मजूर दवाखान्यात येत राहिले. डोळ्यांना दिसेनासे झालेले, ओकाऱ्या, अंगाला थरथर, श्वास अडकलेला. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो जणांवर वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार झाले.

बातमी बाहेर फुटली तेव्हा दोन गोष्टी एकमेकींवर आदळल्या. गावात म्हणत : कंपन्यांनी मुद्दाम जहाल औषध पाठवले, बियाण्यातच विष आहे, चायनाचा पंप माणूस मारायला बनवला आहे. कचेरीत म्हणत : निष्काळजीपणा, तोंडाला फडके बांधले नाही, वाऱ्याच्या उलट फवारले, प्यालेला असेल. दोन्हींत दोषी आधीच ठरलेला होता. तपासात निघाले ते या दोन्हींपेक्षा गुंतागुंतीचे होते. प्रोफेनोफॉस, सायपरमेथ्रिन, मोनोक्रोटोफॉससारखी औषधे एकमेकांत मिसळून मारली जात होती, कारण कोणती कशासाठी मारायची हे सांगणारा माणूस कृषी केंद्राचा दुकानदारच होता. बॅटरीच्या पंपातून निघणारा फवारा बारीक होता, तो अंगावर आणि श्वासात जास्त जाई. पीक उंच असल्याने फवारा खाली न मारता तोंडासमोर मारावा लागे. संरक्षक कपडे नव्हते. असते तरी भादव्याच्या उन्हात ते घालून दिवसभर राबणे अवघड. परवानगी नसलेले तणनाशकरोधी बियाणेही शेतांत होते. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये पाच कीटकनाशकांवर पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत तात्पुरती बंदी आली.

म्हणजे 'औषधात खोट आहे' म्हणणारा गावकरी हेतूबद्दल चुकला होता. मुद्दाम मारल्याचे काही निघाले नाही. पण औषधाच्या जहालपणाबद्दल, पंपाबद्दल, बियाण्याच्या बेकायदा बाजाराबद्दल त्याचा संशय पुष्कळसा बरोबर होता, आणि 'प्यालेला असेल' म्हणणाऱ्या शिकलेल्या माणसापेक्षा तो सत्याच्या जास्त जवळ उभा होता. त्या दिवसांत ज्यांचे लोकांनी ऐकले ते डॉक्टर, शिक्षक आणि कार्यकर्ते 'असे काही नाही' म्हणत बसले नाहीत. ते विचारत : कोणती बाटली होती? झाकण आहे का? लेबलवरचा पिवळा त्रिकोण की लाल? किती पंप मारले? बाटली हातात धरून बोलणे सुरू झाले की कटाची गोष्ट आपोआप मागे पडत असे.

दुसऱ्याच वर्षी त्याच जिल्ह्यात वाघिणीचे प्रकरण झाले. पांढरकवडा-राळेगाव भागात 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी-1, म्हणजे अवनी, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळी घालून मारली गेली. या वेळी कटाची गोष्ट शहरांतून आली : उद्योगाला जमीन द्यायची म्हणून वाघिणीला नरभक्षक ठरवले. मारण्याच्या पद्धतीवर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीनेही गंभीर आक्षेप घेतले होते, ते रास्तच होते. पण जमिनीची गोष्ट सांगताना 13 घरांतले मृत्यू जणू झालेच नाहीत, असे लिहिले जात होते. ज्या बायांनी ढोरे चारायला गेलेला नवरा अर्धा परत आणला, त्यांना हे वाचून काय वाटले असेल? गावांनी फटाके फोडले तर त्यांना क्रूर म्हटले गेले.

उत्तर देण्याची बरी पद्धत पाहायची तर मेळघाटात जावे लागते. 2021 मध्ये लस घेतली की माणूस मरतो हे धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर पक्के बसले होते. मराठीतली पत्रके तिथे निरुपयोगी होती. कोरकू भाषेतून बोलणे सुरू झाले, आशाताई घरोघरी बसल्या, ओळखीच्या माणसांनी आधी स्वतः लस घेतली. इथल्या आरोग्य यंत्रणेने भूमकांना, म्हणजे पारंपरिक उपचार करणाऱ्यांना, रुग्ण दवाखान्यात आणण्याच्या कामात आधीपासून सोबत घेतले होते. त्या जुन्या ओळखीचा उपयोग झाला. गावाच्या ग्रुपवरही हेच चालते. अनोळखी माणसाने टाकलेला खुलासा कोणी उघडत नाही. पुतण्याने बाजूला फोन करून 'काकाजी, हा व्हिडिओ आपल्याकडचा नाही जी, कराचीचा आहे, पूर्ण पाठवू का?' असे विचारले तर काकाजी तो स्वतःच काढून टाकतात, कारण चारचौघांत त्यांची मान खाली गेलेली नसते. आता अफवा पसरवण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचे कलम 353 आहे, पोलिसांचे इशारे येतात, ॲडमिन घाबरून ग्रुप बंद करतात. धोका खरा असतो तेव्हा ते करावेच. पण बंद ग्रुपमधली शंका चावडीवर जाते.

आणि सगळ्यात अवघड असते ते खरे उत्तरच वेळेवर न येणे. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत मुठीने गळू लागले. शाम्पू म्हटले गेले, बुरशी म्हटले गेले, 'टक्कल व्हायरस' म्हणून ठळक बातम्या झाल्या, लग्नाची बोलणी अडली. खारपाणपट्ट्यातले, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातले, पाणी तपासले तर नायट्रेट जास्त निघाले, पण ते पाणी लोक कित्येक वर्षे पीत होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक नमुने घेऊन गेले. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले : त्यात सेलेनियम स्थानिक गव्हापेक्षा कित्येक पटींनी जास्त होते आणि बाधितांच्या रक्तातही ते वाढलेले होते. बाहेरच्या गव्हात काहीतरी आहे, हे त्याआधी कोणी म्हटले असते तर त्याला अफवा पसरवणारा ठरवले गेले असते. एप्रिलमध्ये त्याच भागातल्या लोकांची नखे ठिसूळ होऊन गळू लागली आणि ग्रुपवर प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.