वेब ॲपमध्ये बदल करण्याआधी संगणक असा तयार करा

आम्ही बनवून दिलेल्या ॲपमध्ये पुढे तुमच्याकडचे प्रोग्रामर बदल करणार असतील, तर हे पत्रक त्यांच्या हाती द्या. तुमच्या सर्व्हरवर उबुंटू २४.०४ (ऑपरेटिंग सिस्टम), पायथन ३.१२ (प्रोग्रामिंगची भाषा), जँगो ५.२ (पायथनमध्ये वेब ॲप बनवायची चौकट) आणि पोस्टग्रेस १६ (डेटाबेस) आहे. कामाच्या संगणकावरही हेच हवे. पोस्टग्रेसऐवजी एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस घेतला तर काम पटकन सुरू होते खरे, पण ते रकान्याची लांबी पाळत नाही. १० अक्षरांच्या रकान्यात देशाच्या कोडसह १३ अक्षरांचा मोबाइल नंबर बिनबोभाट जातो. तोच नंबर पोस्टग्रेस नाकारतो, आणि हे कळते ॲप ग्राहकांसमोर गेल्यावर.

विंडोजवर उबुंटू

विंडोजमध्ये उबुंटू डब्ल्यूएसएलमधून, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीतून चालते. आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा आणि ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे ‘एनेबल्ड’ आहे का पाहा. नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करावे लागते. इंटेलवर त्याचे नाव व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम. पुष्कळ जण इथेच अडतात आणि विंडोज पुन्हा टाकत बसतात. त्याची गरज नसते.

रॅम १६ जीबी असावी. डब्ल्यूएसएल एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते, त्यामुळे ८ जीबीच्या संगणकावर ब्राउझर आणि एडिटर दोन्ही रखडतात. उबुंटूचा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. तसेच टाइप करत राहा.

कोड उबुंटूच्या होम फोल्डरमध्येच ठेवा आणि तो उबुंटूमधल्या गिटनेच (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन) उतरवा. सी ड्राइव्हवर ठेवला तर प्रत्येक फाइल दोन प्रणालींमधून ये-जा करते आणि सगळेच मंदावते. शिवाय विंडोजचे गिट ओळींचे शेवट बदलून टाकते. मग स्क्रिप्ट चालवताना ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी तक्रार येते आणि स्क्रिप्टमध्ये तर चूक कुठेच दिसत नाही.

पायथन आणि ॲप

या उबुंटूवर पायथनचे पॅकेज थेट टाकायला गेलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून नकार मिळतो. तो मोडून काढायचा पर्याय इंटरनेटवर सापडेल. तो वापरू नका, त्याने उबुंटूचे स्वतःचे पायथन बिघडू शकते. त्याऐवजी वेनव्ह, म्हणजे प्रोजेक्टपुरते वेगळे पायथन, वापरा. त्याचे पॅकेज वेगळे टाकावे लागते. ते टाका, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेनव्ह बनवा आणि दर नव्या टर्मिनलमध्ये ते सुरू करा. ओळीच्या सुरुवातीला त्याचे नाव दिसले की झाले.

ॲप ८००० पोर्टवर चालते. ते थांबवायला कंट्रोल-सी दाबा. कंट्रोल-झेडने ते नुसते गोठते, पोर्ट अडवून बसते, आणि पुढच्या वेळी ‘पोर्ट आधीच वापरात आहे’ असा संदेश येतो.

मराठी मजकूर

या भागाकडे कृपया दुर्लक्ष करू नका. संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या क्रमात ळ लगेच ल नंतर येतो, आपल्या वर्णमालेत मात्र तो ह नंतर. म्हणून साध्या क्रमवारीत ‘काळे’ हे ‘काशीद’च्या आधी येतात. मराठी क्रमासाठी नावांच्या रकान्यांना आम्ही पोस्टग्रेसचे मराठी आयसीयू कोलेशन (क्रमवारीचा नियम) लावले आहे. नवा रकाना जोडताना तेच लावा.

‘शेतकऱ्यांची’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकदा ऱ हे अक्षर घेऊन, एकदा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधताना मात्र एकाने दुसरा सापडत नाही. नेहमीचे युनिकोड नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) हे दोन एक करत नाही. त्यामुळे नोंद साठवताना आमचा कोड दुसरा प्रकार पहिल्यात बदलतो. एक्सेलमधली यादी थेट डेटाबेसमध्ये ओतली तर ही पायरी टळते, म्हणून ती ॲपच्या आयात पानावरूनच भरा. चाचणीच्या नोंदींतही असे शब्द मुद्दाम ठेवा.

अहवाल थेट एसक्यूएलने (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) काढत असाल तर वेळेकडेही पाहा. नोंदी यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, साठतात. आशिया-कोलकाता असे रूपांतर केले नाही तर पहाटे साडेपाचच्या आतली ऑर्डर आदल्या दिवसाच्या बेरजेत जाते.

पासवर्ड आणि खरी माहिती

पासवर्ड एन्व्ह फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या वेगळ्या फाइलमध्ये, राहतात आणि ती फाइल गिटमध्ये जात नाही. चुकून गेलीच तर नुसती पुसून उपयोग नाही, गिटच्या जुन्या नोंदींत ती राहते. पासवर्ड त्याच दिवशी बदला.

सर्व्हरवरचा खरा डेटाबेस उतरवून घेऊ नका. नावे आणि नंबर बदललेली प्रत आम्ही देतो. कामाच्या संगणकावरून ईमेलही बाहेर जात नाहीत, टर्मिनलमध्ये छापले जातात. ही सेटिंग बदलू नका, नाहीतर चाचणीचे बिल खऱ्या ग्राहकाला पोहोचेल.

अडलात तर पडद्याचा फोटो पाठवू नका. टर्मिनलमधला मजकूर कॉपी करून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ईमेलने पाठवा. नेमकी चूक बहुधा शेवटच्या दोन-तीन ओळींत असते आणि फोटोत नेमक्या त्याच कापल्या जातात.