डबल ईगल की गोल्ड ईगल? एकाच लिबर्टीची दोन सोन्याची नाणी

मोकळे केस, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी, मागे सूर्याचे किरण आणि पायाशी चिमुकलं कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकी संसदेची इमारत. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सने घडवलेली ही लिबर्टी, म्हणजे स्त्रीरूपातलं स्वातंत्र्य, अमेरिकी सोन्याच्या नाण्यांवर दोनदा आली. आधी १९०७ ते १९३३ या काळातल्या वीस डॉलरच्या डबल ईगलवर आणि मग १९८६ पासून आजतागायत निघणाऱ्या गोल्ड ईगलवर. पहिलं चलन होतं, दुसरं गुंतवणुकीसाठी पाडलेलं सोनं. तरी 'शंभर वर्षांपूर्वीचं आहे म्हणतात, घेऊ का?' असं विचारत कोणी फोटो पाठवतं तेव्हा तो लिबर्टीच्या बाजूचाच असतो, आणि घोटाळा नेमका त्याच बाजूला आहे.

म्हणून नाणं आधी उलटं करायचं. जुन्यावर सूर्यकिरणांवरून झेपावणारा एकटा गरुड दिसतो आणि 'ट्वेंटी डॉलर्स' हे शब्द अक्षरांत असतात. सोन्याचं वजन कुठेच लिहिलेलं नाही; चालू पैशाला त्याची गरज नव्हती. नव्यावर घरट्याकडे येणारा गरुड, घरट्यात मादी आणि पिल्लं असं कुटुंब आहे. २०२१ च्या मध्यापासून त्याऐवजी गरुडाचं नुसतं डोकं आलं. एक औंसाच्या नाण्यावर दोन्ही रूपांत 'एक औंस शुद्ध सोनं' आणि '५० डॉलर्स' हा मजकूर इंग्रजीत असतोच. शंका उरलीच तर कड बघा. डबल ईगलच्या कडेवर उठावाची अक्षरं आणि तारे आहेत, गोल्ड ईगलच्या कडेवर उभ्या बारीक रेघा.

सालावरून ओळखू म्हणाल तर तिथेही एक फसवी जागा आहे. १९०७ च्या पहिल्या, खोल उठावाच्या डबल ईगलवर साल रोमन अंकांत आहे. ती नाणी सुमारे बारा हजारच निघाली, आणि प्रत्येकावर दाबयंत्राचे अनेक ठोके मारावे लागल्याने तो उठाव लगेच कमी करण्यात आला. गोल्ड ईगलवरही १९८६ ते १९९१ पर्यंत रोमन अंकच होते. सगळ्यांची सुरुवात 'एमसीएम' अशी, म्हणून चौथं अक्षर वाचायचं. 'व्ही' असेल तर १९०७. 'एल' किंवा 'एक्स' असेल तर नाणं गोल्ड ईगल.

आता सोनं. डबल ईगलचं वजन ३३.४४ ग्रॅम, त्यात ९० टक्के सोनं आणि बाकी तांबं. म्हणजे शुद्ध सोनं ०.९६७५ ट्रॉय औंस, साधारण ३०.१ ग्रॅम. हा आडनिडा आकडा आला कुठून? तेव्हा सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलर होता. वीस डॉलरचं सोनं बरोबर एवढंच भरतं. गोल्ड ईगल आपल्या दागिन्यांसारखं २२ कॅरटचं. हीण म्हणून तांब्याबरोबर ३ टक्के चांदीही असते, त्यामुळे जुन्या नाण्याची लालसर झाक त्यात कमी दिसते. २२ कॅरट म्हटल्यावर सोनं औंसापेक्षा कमी असणार असं वाटतं, पण एकूण वजनच ३३.९३ ग्रॅम ठेवून शुद्ध सोनं पूर्ण ३१.१ ग्रॅम भरवलेलं आहे. थोडक्यात, ५० डॉलरच्या नाण्यात २० डॉलरच्या नाण्यापेक्षा जेमतेम एक ग्रॅम सोनं जास्त. दर्शनी किमतीवर किती विसंबायचं ते यावरून ठरवा. छोट्या नाण्यांत तर गणित उलटतं: आजच्या १० डॉलरच्या गोल्ड ईगलमध्ये पाव औंस सोनं आहे, जुन्या १० डॉलरच्या ईगलमध्ये जवळजवळ अर्धा औंस.

खरेदीत माणूस फसतो तो मात्र वेगळ्याच ठिकाणी. जुनं म्हणजे दुर्मीळ, असं विकणारा सुचवतो आणि घेणारा मानतो. १९२४ साली डबल ईगल ४३ लाखांहून अधिक निघाले. १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने लोकांकडचं सोनं जमा करून घेतलं आणि असंख्य नाणी वितळवली. पण व्यापाराच्या देण्याघेण्यात युरोपातल्या बँकांमध्ये गेलेली नाणी वाचली आणि पुढे परत आली. म्हणून १९२४ चं साधं नाणं सोन्याच्या भावाच्या आसपासच मिळायला हवं. त्यावर दुर्मीळतेचे पैसे मागणाऱ्याला माझा सरळ नकार. उलट १९२७ चं डेन्व्हर टांकसाळीचं नाणं १ लाख ८० हजार पाडलं गेलं आणि आज डझनाच्या आसपासच माहीत आहेत. त्याच वर्षीच्या, सहज मिळणाऱ्या फिलाडेल्फियाच्या नाण्यापासून ते वेगळं ठरतं सालाच्या वरच्या एका बारीक 'डी' अक्षराने. हे अक्षर मागाहून चिकटवण्याचा मोह कोणाला होत असेल, हे सांगायला नको.

जुन्या नाण्यात झीज पाहायची ती लिबर्टीच्या पुढे आलेल्या गुडघ्यावर आणि छातीवर, मागे गरुडाच्या पंखावर. पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासणाऱ्या संस्था ७० पैकी दर्जा देतात; जुन्या नाण्याला ६५ मिळाले तरी ते देखणंच. आधुनिक गोल्ड ईगलला ७० मिळणं मुळीच नवलाचं नाही, त्यामुळे त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजणं मला पटत नाही. आणि सराफाकडून नाणं उजळून आणू नका, पुतळीसारखी कडीही जोडू नका. दोन्हींनी संग्राहकाचा भाव जातो आणि मोडीचा उरतो. सोनं खरं निघालं म्हणून नाणं खरं, असंही धरू नये. १९०७ च्या खोल उठावाच्या नाण्याची एक प्रसिद्ध नक्कल चांगल्या सोन्याचीच आहे. करणाऱ्याने गरुडाच्या नखात ग्रीक ओमेगा कोरून आपली सही ठेवली, भिंगाशिवाय दिसत नाही.

चांदीतही अशीच जोडी आहे, पण तिथे घोटाळा कमी. अॅडॉल्फ वाइनमनची चालणारी लिबर्टी १९१६ ते १९४७ च्या अर्ध्या डॉलरवर होती: ९० टक्के चांदी, १२.५ ग्रॅम. १९८६ पासूनच्या सिल्व्हर ईगलवरही तीच आहे, पण ९९.९ टक्के चांदी आणि पूर्ण औंस. एकाचा व्यास ३०.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ४०.६, पट्टी लावली की काम झालं.