एका आमदाराची 175 मतं

20 जुलै ते 24 ऑगस्ट 1969 असे 35 दिवस देशाचे कार्यवाहक राष्ट्रपती होते मोहम्मद हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते शिकले, इथंच त्यांनी वकिली केली आणि जुन्या नागपूर हायकोर्टाचे शेवटचे मुख्य न्यायमूर्तीही तेच. 1969 मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश होते. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं 3 मे रोजी निधन झालं होतं. त्यांच्या जागी काम पाहणारे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांना निवडणूक लढवायची होती, म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि खुर्ची सरन्यायाधीशांकडे आली. त्याच दिवसांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत येऊन गेले. त्यांचं स्वागत करायलाही आपले मॉरिसचेच विद्यार्थी!

हे सांगायचं कारण वेगळं आहे. अमेरिकेची निवडणूक आली की धरमपेठेतल्या पानठेल्यावरसुद्धा तिकडच्या उमेदवारांची उलटतपासणी चालते. कोण बोलतो बरा, कोणाला महागाई भोवणार, कोण कोणत्या राज्यात जिंकणार, सगळं. आपला राष्ट्रपती निवडताना मात्र आपल्याला कुणी विचारत नाही. नागपूर जिल्ह्याचे 12 आमदार आणि नागपूर व रामटेकचे दोन खासदार आपल्या वतीनं मत देतात. मग त्यांचं मत कशावर ठरतं? उमेदवाराच्या कर्तृत्वावर, जातीवर, प्रांतावर, की पक्षाच्या निरोपावर? याचं उत्तर शोधायला 1969 च्या त्या 35 दिवसांइतकी चांगली जागा नाही.

काँग्रेसच्या संसदीय मंडळानं बंगळुरूत नीलम संजीव रेड्डी यांचं नाव ठरवलं. इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध. यशवंतराव चव्हाणांचं मतही रेड्डींच्याच बाजूनं पडलं. इंदिराबाईंनी रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली आणि मतदान तोंडावर आल्यावर खासदार-आमदारांना सांगितलं की आपापल्या सदसद्विवेकबुद्धीनं मत द्या. मग पक्षाचा उमेदवार एकीकडे आणि पक्षाच्या पंतप्रधान दुसरीकडे. गिरी अपक्ष म्हणून उभे होते.

रिंगणात तिसरं मोठं नाव होतं चिंतामणराव देशमुखांचं, आणि नागपूरकरांनी खरं तर याच नावापाशी थांबायला हवं. आय.सी.एस. झाल्यावर देशमुखांच्या नोकरीची पहिली वीस वर्षं मध्य प्रांत-वऱ्हाडात गेली, म्हणजे कारभाराचं गाव नागपूर. पुढं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, मग केंद्रात अर्थमंत्री. 1956 साली मुंबई महाराष्ट्राला नाकारल्याच्या मुद्द्यावर त्यांनी ते मंत्रिपद सोडलं. एवढी विद्वत्ता, एवढा स्वच्छ हात आणि वर मराठी माणसासाठी दिलेला राजीनामा! जनसंघ आणि स्वतंत्र पक्षानं त्यांना उभं केलं होतं.

16 ऑगस्टला मतदान झालं. यात मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतो. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769. कोटा, म्हणजे निम्म्याहून जास्त मतं, कुणालाच गाठता आला नाही, म्हणून मागे राहिलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजावी लागली. त्यात रेड्डींना सुमारे 92 हजार मतं मिळाली, गिरींना साडेअठरा हजार. तरीही शेवटी गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. फरक 14,650 चा. आजच्या हिशेबात, एका आमदाराची 175 धरली तर, महाराष्ट्राच्या 84 आमदारांची मतं.

देशमुखांकडची पुढची पसंती रेड्डींकडे इतकी का झुकली, याचं उत्तर त्या दोन पक्षांच्या ठरलेल्या धोरणात आहे. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनीच जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे दुसरी पसंती रेड्डींना देण्याची विनंती केली होती, आणि रेड्डींची साथ सोडायला तेवढंच निमित्त इंदिरा गटाला पुरलं. विवेकाची हाक वगैरे ठीक आहे, पण हा हिशेब दोन्हीकडून मांडून झाला होता. आणि मराठी अस्मिता? 1969 मध्ये तिच्यामुळे देशमुखांचा तिसरा नंबर काही हलला नाही. काँग्रेसचं राज्य असलेल्या महाराष्ट्रात आमदारासाठी प्रश्न रेड्डी की गिरी एवढाच होता.

हिशेबाचं गणित थोडक्यात असं. आमदाराच्या मताचं मूल्य काढायला राज्याची लोकसंख्या भागिले विधानसभेच्या जागा, आणि त्याला परत हजारानं भागायचं. महाराष्ट्राची 1971 ची लोकसंख्या 5 कोटी 4 लाख, जागा 288, म्हणून 175. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं 208, सिक्कीमच्या आमदाराचं 7. लोकसंख्या 1971 चीच, कारण 1976 ची घटनादुरुस्ती आणि पुढं 2001 ची, दोन्हींनी तो आकडा गोठवून ठेवला. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचं वजन कमी होऊ नये हा त्यामागचा विचार. 2022 मध्ये खासदाराचं मत 700 चं होतं. म्हणजे जिल्ह्याचे 12 आमदार मिळून 2,100 आणि दोन खासदार 1,400.

मतदान गुप्त असतं. पक्षाला व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही आणि पक्षांतरबंदी कायदाही इथं लागू होत नाही. आमदारांची मतपत्रिका गुलाबी, खासदारांची हिरवी, आणि अलीकडे पेनसुद्धा निवडणूक आयोगाचाच, खिशातला चालत नाही. आमदार मुंबईच्या विधानभवनात मत देतात. आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनाला हिवाळी अधिवेशन तेवढं मिळतं, हा मान नाही. 1952 ची पहिली निवडणूक झाली तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. 1957 येईतो राजधानी गेली आणि मतदानही गेलं.

एवढी मोकळीक असताना आमदार मनाचं मत देत असतील असं वाटावं. पण हरलेल्यांची यादी बघा. 1952 मध्ये अर्थतज्ज्ञ के. टी. शहा. 1967 मध्ये सरन्यायाधीशपद सोडून उभे राहिलेले सुब्बा राव. 1982 मध्ये आणीबाणीत एकट्यानं विरोधी निकाल देणारे न्या. हंसराज खन्ना. 1987 मध्ये न्या. कृष्ण अय्यर, 1997 मध्ये टी. एन. शेषन. गुणवत्तेवर मत पडत असतं तर यातले निदान दोघं तरी राष्ट्रपती भवनात गेले असते. विरोधकांकडे संख्या नसते म्हणून ते नावलौकिक उभा करतात, सत्तेकडे संख्या असते. दोन्ही एकत्र आलं ते 2002 मध्ये. अब्दुल कलामांना 9,22,884 आणि कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना 1,07,366.

जातीजमातीचंही तसंच. द्रौपदी मुर्मू 2022 मध्ये जिंकल्या तेव्हा गोंड राजानं वसवलेल्या या गावातही आदिवासी राष्ट्रपती म्हणून कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण 1992 मध्ये मेघालयाचे खासी नेते जी. जी. स्वेल शंकर दयाळ शर्मांकडून हरले, 2012 मध्ये गारो समाजाचे पूर्णो संगमा प्रणब मुखर्जींकडून. आदिवासी ओळख तिघांकडेही होती, बहुमताचं बळ मात्र फक्त मुर्मूंच्या मागं. 2017 मध्ये तर कोविंद आणि मीरा कुमार दोघंही दलित. त्यामुळे तो मुद्दा परस्पर मिटला आणि उरली ती नुसती बेरीज. (निवडून आल्यावर दोनच महिन्यांत कोविंद दीक्षाभूमीवर येऊन गेले.)

मग ओळखीला काहीच किंमत नाही? आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी. जो पक्ष काठावर असतो, किंवा ज्याला मित्रपक्षाची साथ सोडायचीच असते, त्याला ओळखीमुळे दार सापडतं. याचा नमुना महाराष्ट्रातच आहे, आणि तो म्हणजे शिवसेना. 1997 मध्ये राज्यात भाजपबरोबर सत्तेत असताना सेनेनं भाजपचा पाठिंबा असलेल्या नारायणन यांना सोडून शेषन यांना पाठिंबा दिला. 2012 मध्ये भाजप संगमांकडे, सेना मुखर्जींकडे. 2022 मध्ये महाविकास आघाडी यशवंत सिन्हांकडे, उद्धव ठाकरे मुर्मूंकडे, आणि तेव्हा तर पक्ष फुटून जेमतेम तीन आठवडे झाले होते. 2017 ला मात्र सेना शेवटी कोविंदांबरोबर राहिली. त्याआधी, मार्चमध्ये, तिनं सरसंघचालक मोहन भागवतांचं नाव पुढं केलं होतं, पण खुद्द त्यांनीच नकार दिला. नागपूरचा माणूस राष्ट्रपती होण्याची चर्चा तेवढ्यावरच संपली.

राहिलं 2007. काँग्रेसचे शिवराज पाटील डाव्यांना नको होते, त्यातून प्रतिभाताई पाटील यांचं नाव पुढं आलं. म्हणजे नाव ठरलं ते वगळत वगळत. पण एकदा ठरल्यावर त्याचा अर्थच बदलला. माहेर जळगावचं, सासर अमरावतीचं, 1991 ला अमरावतीच्या खासदार. विदर्भाची सून! समोर भाजपप्रणीत एनडीएच्या पाठिंब्यावर उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत, आणि ताईंच्या सासरचं आडनावही शेखावतच. बाळासाहेब ठाकऱ्यांनी मराठी राष्ट्रपतीसाठी एनडीएला बाजूला सारलं. ताईंना 6,38,116 मतं मिळाली, शेखावतांना 3,31,306. सेनेची मतं तिकडं गेली असती तरी ताई आरामात जिंकल्या असत्या, त्यामुळे सेनेचा तो निर्णय निकालासाठी नव्हताच.

जो मराठी मुद्दा 1969 मध्ये देशमुखांच्या कामी आला नाही, त्याच मुद्द्यानं 2007 मध्ये एका पक्षाला युती ओलांडायला लावली. मधल्या 38 वर्षांत मराठी माणसाचा अभिमान वाढला म्हणून हे झालं, असं म्हणायला मी तयार नाही. 1969 मध्ये मराठी उमेदवाराकडे फार तर तिसऱ्या नंबरची बेरीज होती, 2007 मध्ये पहिल्या नंबरची. अभिमान दाखवायला जिंकणारी बाजू मिळाली.

मुर्मू यांची मुदत जुलै 2027 मध्ये संपते.