चूळ, दोरा आणि पाण्याची धार

बेळगावात आमच्या शहापूरच्या घरी पहिलं वॉटर फ्लॉसर, म्हणजे दातांच्या फटीत पाण्याची धार मारणारं यंत्र, आलं आणि आल्या दिवशीच जळालं. भाच्यानं अमेरिकेहून हौसेनं आणलेलं, ११० व्होल्टचं. पिना बसत नाहीत म्हणून मी अडॅप्टर लावला आणि सरळ आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात खुपसलं. पंप दोनदा घुरघुरला, जळक्या प्लास्टिकचा वास आला, संपलं. पाण्याची टाकी तेवढी शाबूत राहिली. तिच्यात आईनं कितीतरी दिवस मनी प्लांट लावला होता.

आता तसलंच यंत्र बॅटरीवर चालतं, हातात मावतं आणि मोबाइलवर मागवलं की घरपोच येतं. त्यामुळं हिरड्यांतून रक्त आलं की लोक डॉक्टरला पहिलं हेच विचारतात, ‘ते पाण्याचं मशीन घेऊ काय?’ डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर ते ‘वसडू’ म्हणतात, पेशंट ‘हिरडी’ म्हणतो आणि शेवटी दोघंही ‘गम्स’वर येऊन थांबतात.

पाण्यानं तोंड धुण्यात आपल्याला नवं काही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसातून दोन वेळा दातवण करायला सांगितलंय, आणि तेही ‘दन्तमांसान्यबाधयन्’, म्हणजे हिरड्यांना इजा न करता. दात घासताना हिरडी जपायची, ही जाण तेव्हाही होती. सुश्रुतसंहितेत गंडूष आणि कवल असा भेद येतो. तोंड गच्च भरून द्रव नुसता धरून ठेवायचा तो गंडूष, आणि खळखळवता येईल इतकाच घ्यायचा तो कवल. आपली जेवणानंतरची चूळ या कवलाचीच घरगुती धाकटी बहीण. चुळीनं शितं निघतात, तोंडाला बरं वाटतं. दोन दातांच्या मधे, हिरडीच्या कडेला जो चिकट थर धरतो, तो मात्र चुळीला दाद देत नाही. माझ्या आजीच्या कनवटीला चांदीच्या कडीत कानकोरणं आणि दातकोरणं अडकवलेलं असायचं. जेवण झालं की ती भिंतीला टेकून निवांत दात कोरायची. त्या फटीशी आपला संबंध तेवढाच.

फटीकडं नीट लक्ष वेधलं न्यू ऑर्लिन्सच्या लेव्ही स्पीअर पार्मली या दंतवैद्यानं. १८१९ सालच्या आपल्या पुस्तकात त्यानं मेण लावलेला रेशमी दोरा दातांमधून फिरवायला सांगितलं. १८८२ पासून रेशमी दोरा कारखान्यात तयार होऊ लागला आणि १८९८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सननं त्याचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशमाच्या जागी नायलॉन आलं. हा दोरा आपल्याकडच्या मोरीपर्यंत मात्र कधी पोचलाच नाही. आमच्या घरात दोरा म्हणजे एक तर गजऱ्याचा, नाही तर पापडाच्या लाट्या कापायचा.

पाण्याच्या धारेची गोष्ट सुरू होते कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स या गावात. तिथले दंतवैद्य जेराल्ड मॉयर यांना हिरड्यांच्या रोग्यांसाठी घरी वापरता येईल असं काहीतरी हवं होतं. त्यांचेच एक पेशंट, जॉन मॅटिंगली, पाण्याच्या दाबाचं शास्त्र जाणणारे इंजिनिअर निघाले. मॅटिंगलींनी एकामागून एक नमुने बांधले. मनासारखा जमला तो १४६ वा, असं सांगतात. १९६२ मध्ये ॲक्वा टेक नावाची कंपनी निघाली आणि डल्लासच्या दंतवैद्यांच्या संमेलनात यंत्र मांडलं गेलं. १९६७ मध्ये टेलिडाइन या मोठ्या कंपनीनं ती विकत घेतली. या यंत्राचं ‘वॉटरपिक’ हे नाव पुढं इतकं रुळलं की अमेरिकेत बरेच लोक कुठल्याही कंपनीच्या फ्लॉसरला तेच म्हणतात, जसं आपल्याकडं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा.

एवढे नमुने कशाला लागले? पिचकारीसारखी सलग धार मारायची असती तर लहान मुलालाही जमलं असतं. खरी मेख धार तुटक असण्यात आहे. मिनिटाला साधारण १२०० ठोके पडतात. एका ठोक्याला पाणी हिरडीला दाबतं, पुढच्या क्षणी सोडतं. त्या सुटलेल्या क्षणात दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत पाणी शिरतं आणि आतला मळ घेऊन बाहेर पडतं. निरोगी माणसाची ही खोबण एक ते तीन मिलिमीटर खोल असते. हिरडीचा रोग वाढला की ती खोल होत जाते, आणि तिथं ब्रशचे केस पोचत नाहीत.

गंमत अशी की यंत्र आधी आलं आणि रोगाचं पक्कं कारण मागाहून कळलं. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हूस इथं हाराल्ड ल्योए आणि सहकाऱ्यांनी १२ धडधाकट माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू केली तशा त्या पूर्ववत झाल्या. तोवर ‘अंगातली उष्णता’, ‘वय झालं’, ‘आमच्यात असंच असतं’ अशी नाना कारणं चालत. आजही आमच्या गल्लीत चालतात.

दोऱ्याची मात्र पुढं पंचाईत झाली. २०१६ मध्ये अमेरिकन सरकारच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतून फ्लॉसचा, म्हणजे या दोऱ्याचा, उल्लेख गळाल्याची बातमी आली, आणि त्याच्या उपयोगाचा पुरावा तोकडा असल्याचं तीत म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकन डेंटल असोसिएशननं वॉटरपिकला आपली स्वीकृतीची मोहर दिली. म्हणून पाण्याची धार जिंकली असं समजू नये. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानुसार अशा यंत्रांनी महिनाभरात हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, पण दातांवरचा थर कमी झाल्याचं तितकंसं दिसत नाही, आणि एकूण पुरावाही कच्चाच आहे. शिवाय बऱ्याच चाचण्यांना पैसे कंपनीनंच दिलेले. मला स्वतःला सुजेचा मुद्दा पटतो. ‘ब्रशची गरज नाही’ हे जाहिरातीतलं वाक्य पटत नाही.

आपल्या भागात हिरड्यांची कथा निपाणीला वळसा घालून जाऊच शकत नाही. निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी इथंच महामार्गावर बसले होते. त्याच तंबाखूची मिसरी घराघरांत. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. निपाणीजवळच्या खेड्यातली माझी आत्या दिवसातून चार वेळा हिरडीला बोट फिरवते. ‘मिसरी लावली की कळ थांबतीया बघ,’ म्हणते. तिला तसं वाटतही असेल, पण रोग थांबलेला नसतो. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळं हिरडीतून रक्त कमी येतं आणि रोग आतल्या आत वाढत असला तरी बाहेरून दिसत नाही. रक्त येत नाही म्हणजे हिरडी बरी, हा हिशेब मिसरीवाल्यांना लागू पडत नाही. बोट रोज जिथं फिरतं तिथली हिरडी हळूहळू खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं.

मागच्या दिवाळीला आत्या आली तेव्हा माझं नवं यंत्र तिनं उलटंसुलटं करून बघितलं. कमी दाबावर ठेवून बेसिनवर वाकून तोंडात धरायला दिलं. पाणी काळं पडायला लागलं तशी ती हसली आणि म्हणाली, ‘मिसरी धुऊन निघतीया की. मग पुन्यांदा लावाया लागंल.’

दातावर एकदा कडक कीटण धरलं की ते या धारेनं निघत नाही. ते डॉक्टरकडंच खरवडावं लागतं, आणि त्यासाठी आत्या अजून तयार नाही. आमचं बोअरचं पाणी जड असल्यामुळं यंत्राच्या टोकालाही आतून पांढरा खर बसतो. तो मी महिन्यातून एकदा व्हिनेगर घातलेलं कोमट पाणी सोडून काढतो.