धुराच्या पडद्याने बागेतली थंडी अडत नाही

‘पहाटे ओला पालापाचोळा पेटवून बागेवर धूर धरला, की फुलोरा थंडीतून वाचतो,’ हा सल्ला निफाडच्या द्राक्षपट्ट्यात आणि आंबाबागांतही दर हिवाळ्यात फिरतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन व पाने आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडतात आणि धुराचे कण इतके सूक्ष्म असतात, की हे किरण त्यांतून जवळजवळ विनाअडथळा निघून जातात. ढगातील जलबिंदू त्याहून बरेच मोठे असल्यामुळे ते ही उष्णता रोखतात. ढगाळ रात्रीच्या उबेवरूनच हा समज रुजला असावा आणि तो स्वाभाविकही आहे.

शेकोटीचा खरा उपयोग जाळाच्या उष्णतेचा. एकाच मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते, म्हणून ओळींमध्ये विखुरलेल्या लहान शेकोट्या बऱ्या. सकाळी रेंगाळणारा धूर तर कोवळे ऊन अडवून नुकसानच करतो.

पडताळणीसाठी फुलोऱ्याच्या उंचीवर दोन सारखे तापमापक टांगावेत, एक जाळापासून दूर पण धुरात आणि दुसरा धुराबाहेर, आणि पहाटे दोन्हींची नोंद घ्यावी. आदल्या दिवशी दिलेले पाणी अधिक भरवशाचे आहे, कारण ओली, तणविरहित माती दिवसाची उष्णता जास्त साठवून रात्री ती हळूहळू सोडते.